दाढ किडलेली नसताना ठणकते तेव्हा

मे महिना संपत आलेला असतो. आंब्याच्या शेवटच्या पेट्या वाशीच्या बाजारात गेलेल्या, दलालाची पट्टी म्हणजे विक्रीचा हिशोब यायचा बाकी, आणि नेमकी तेव्हाच बागायतदाराची खालची दाढ ठणकायला लागते. एक्स-रे काढावा तर कीड नाही, मुळाशी पू नाही. गार पाणी लागलं की कळ, सकाळी उठल्याउठल्या कानशिलं जड, आणि दुखणारी दाढ नक्की कुठली ते बोट ठेवून सांगता येत नाही. अशा दाढेवर घाईघाईने रूट कॅनल करू नये. आधी जबडा तपासून घ्यावा, कारण नकळत दात आवळण्या-खाण्यानेही अशी दाढ दुखते.

वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते चावताना आणि गिळताना. दिवसभराचा हिशोब केला तरी ही वेळ वीसेक मिनिटांच्या पुढे जात नाही. एरवी ओठ मिटलेले असले तरी आत दोन ते चार मिलिमीटरची फट असते. ताण आला की ती फट बुजते. हिशोबाच्या वहीवर वाकलेला, घाटात ट्रकच्या मागे अडकलेला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून कर्जाचा हप्ता कुठून भरायचा या विचारात बसलेला माणूस नकळत दात आवळून असतो. आवाज होत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही.

झोपेत दात खाणं मात्र बायकोला ऐकू येतं. त्यावर आपल्याकडे ठरलेलं निदान आहे: पोटात जंत झालेत. जंताची गोळी घेतल्याने दात खाणं थांबत नाही. दुधाच्या दातांची मुलं बरेचदा दात खातात आणि बहुतेकांचं ते आपोआप सुटतं. मोठ्यांमध्ये ताणाबरोबरच घोरणं, दारू, रात्री उशिराचा चहा आणि नैराश्यावरच्या काही गोळ्याही कारण असतात. गोळ्या मनाने बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालावं. कोविडच्या काळात हे सगळं एकदम वाढलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२१ च्या पाहणीत सत्तर टक्क्यांहून अधिक दंतवैद्यांनी दात खाणारे-आवळणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं होतं.

घरी तपासायला आरसा आणि खिडकीतला उजेड पुरतो. सुळ्यांची टोकं घासून सपाट झालीत का? जिभेच्या कडेला दातांचे खाचे उमटलेत का? गालाच्या आत, दात मिटतात त्या रेषेत, पांढरी आडवी वळी आहे का? मग दोन बोटं कानाच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवून दात आवळा. टणक गोळा वर येईल, तो गालाचा स्नायू. सैल सोडून दाबल्यावर तो दुखला, तर दाढेच्या दुखण्याचा उगम तिथे असू शकतो. दुखणं सकाळी जास्त असेल तर रात्रीचं दात खाणं, संध्याकाळी वाढत असेल तर दिवसाचं आवळणं, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

दिवसाच्या आवळण्याला औषध नाही, सवय मोडावी लागते. ‘न’ म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या: टोक वरच्या पटाशीच्या दातांमागे टाळूला, दात सुटे, ओठ मिटलेले. फोन वाजला की, दार उघडलं की, गाडीची किल्ली फिरवली की जबडा याच स्थितीत आणायचा. दुखत असेल त्या आठवड्यात ओल्या गरम फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ, आणि जेवायला पेज, मऊ भात, उकडलेला मासा. भाजलेले काजू, फणसपोळी, चिवट सुकी मासळी तेवढे दिवस बाजूला. लवंग तेलाचा बोळा हिरडीवर दाबून ठेवला तर हिरडी भाजते, दुखणं राहतं तिथेच.

रात्रीसाठी दंतवैद्य माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं आवरण, बनवतात, बहुधा वरच्या दातांवर. दुकानात मिळणारा मऊ रबरी गार्ड स्वस्त पडतो खरा, पण काहीजण तो रात्रभर चघळतात आणि स्नायू आणखी थकतात. गार्ड बसवताना रंगीत कागद चाववून सगळे दात सारखे टेकतात का ते पाहिलंच पाहिजे. एकच दाढ आधी टेकत असेल तर तीच दुखणार. गार्डने दात खाणं थांबत नाही, दाताऐवजी प्लॅस्टिक झिजतं, आणि ते झिजण्यासाठीच असतं. धुवायचा गार पाण्याने, साध्या साबणाने. गरम पाण्यात किंवा उन्हातल्या गाडीत तो वाकडा होतो. आपल्या पावसाळ्यात ओलाच डबीत बंद केला तर दोन दिवसांत कुबट वास येतो, म्हणून पुसून, वारं लागू देऊन ठेवावा. कुत्र्याच्या आवाक्यात तर मुळीच नको, कुत्र्यांना गार्ड फार आवडतो.

झिजलेल्या दातांवर आंबट लगेच बोलतं. कोकम सरबत, सोलकढी प्यायला हरकत नाही, पण घोट घोट घेत तासभर नको. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका, कारण आंबटाने मऊ झालेलं दाताचं कवच घासलं जातं. ताणात तोंडही कोरडं पडतं आणि आम्ल धुऊन नेणारी लाळ कमी झाली की ही झीज वाढते.

मशेरीचं काय? डोकं जड झालं की दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावणाऱ्या बायका किनाऱ्यावर कमी नाहीत. ती दात घासायची पूड नव्हे, भाजलेला तंबाखू आहे. जिथे लागते तिथली हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. ताणाने तोंड येतं, ते साधारण एक-दोन आठवड्यांत बरं होतं. मशेरी, तंबाखू किंवा सुपारी असो वा नसो, तीन आठवड्यांच्या पुढे टिकलेला व्रण, न पुसला जाणारा पांढरा-लाल चट्टा, किंवा तोंडात उभी तीन बोटं न जाणं यांचं खापर ताणावर फोडू नका. सरळ दंतवैद्याकडे किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन तोंड दाखवा, गरज पडली तर तुकडा काढून तपासणीला पाठवतील.