नवतप्यात काच चिकटवली त्या दिवसाची गोष्ट

माझं सीटकव्हर आन् हूडचं काम आहे, नागपूरच्या कामठी रोडला. जीपचे हूड किती शिवले याचा हिशोब नाही, पण कापडी टपाची ओपन कार आमच्याकडे वर्षातून एखादीच येते. ही आली ती ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या वर. मागची काच वरच्या कडेनं कापडापासून सुटलेली, आतून हात घातला तर बोटं बाहेर. साहेब म्हणाले, "भाऊ, दोनदा चिकटवलं, टिकूनच नाही राहिलं. रविवारी पचमढीला निघायचं आहे."

पाहिलं तर आधी कोणी इन्स्टंट ग्लू टाकलेला, तो वाळून कडक होतो आन् टप घडी केला की तडकतो. त्याच्यावर मग सिलिकॉन. सिलिकॉनचा मला फार राग येतो, कारण ते स्वतः कापड धरत नाही आन् मागे जो थर सोडतं त्याच्यावर दुसरं काहीच चिकटू देत नाही. थिनरनं पुसून जात नाही, खरवडावंच लागतं. अर्धा दिवस ब्लेड घेऊन मी आन् पोरगा तेच करत बसलो, डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तारा सांभाळून. दोन वीत जागेत ते कापडात इतकं मुरलेलं होतं की तेवढी पट्टी कापून नवीन शिवली.

मग काचेला काळा प्रायमर मारला. हा बरेच लोक सोडून देतात, पण काचेतून येणाऱ्या उन्हानं चिकट खराब होऊ नये म्हणून तो लागतोच. पुढचं लॉक सोडून टप वीतभर वर ठेवला म्हणजे कापड सैल राहतं, ताणलेल्या कापडावर चिकटवलं तर पकड यायच्या आधीच कड सरकते. विंडशील्डला वापरतात तोच पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा चिकट, गननं लावला, आतून प्लायवूडचा टेकू, बाहेरून वाळूच्या पिशव्या.

प्रत्येक कामासोबत मी त्याच ट्यूबमधली एक वळी फालतू काचेवर टाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ती कापली तर वरून साल आलेली आन् आत लोण्यासारखी मऊ. पोरगा म्हणे, "दादा, इतक्या गरमीत वाळलं काहून नाही?" तर पीयू गरमीनं वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत पक्का होत जातो. आन् नवतप्यात नागपूरच्या हवेत ओलावा असतो कुठे, ओली चादर टाकली तर घडीभरात कडक.

मग काय, घरचा मोठा कूलर उचलून आणला, खसच्या ताट्या भिजवल्या, जमिनीवर पाणी मारलं, गाडीभोवती ओली पोती टांगली आन् शटर अर्धं खाली. पाण्याचा थेंब जोडावर उडू नये म्हणून कूलरचं तोंड भिंतीकडे. दोन रात्री तिथंच खाट टाकून झोपलो, टाकी संपली की भरायची.

साहेबांना फोन करून सांगितलं, रविवारी गाडी भेटणार नाही. ते नाराज झाले, मलाही वाईट वाटलं, पण घाटात काच सुटली असती तर?

सोमवारी ती वळी कापली, आतपर्यंत रबर. टेकू काढला, टप ताणून लॉक केला, पाईपनं दहा मिनिटं पाणी मारलं. साहेब आत बसून कडेवरून बोट फिरवत होते. बोट कोरडं होतं.