विंडोज टाकून देतो

"काका, डॉसवाला घ्या की. स्वस्तात बसतोय. विंडोज आम्ही टाकून देतो."

सांगलीत, विश्रामबागच्या एका दुकानात दुपारी अडीचला लाईट गेलेली. इन्व्हर्टरवर एकच पंखा, तोही पोराच्या बाजूला वळवलेला. काउंटरवर तीन लॅपटॉप जबडे उघडून बसलेले: एक विंडोजचा, एक ॲपलचा आणि तिसरा हा डॉसवाला, म्हणजे विंडोज न घातलेली कोरी पाटी. मी 'टाकून देतो'पाशीच अडकलो. आपल्याकडे चहा टाकतात, अंथरूण टाकतात, कुणाच्या कानावर गोष्ट टाकतात, नासकं दूध टाकतात आणि एकेकाळी बायकोही टाकत. विंडोज टाकणं यातलं नेमकं कशाजवळ जातं?

डॉस मात्र ओळखीचा, अक्षरं टाइप करून हुकूम सोडायचा तो जुना प्रकार. 1993 साली गावभागात कॉम्प्युटर क्लास लावला होता. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. आत मी पाहिलेला पहिला एसी आणि वीस पोरांच्या मोज्यांचा वास. काळ्या पडद्यावर सी, दोन टिंबं, तिरकी रेघ आणि पुढं लुकलुकणारी खूण. सर म्हणायचे, "डीआयआर मारा. आता एंटर मारा." सगळं मारामारीचंच. माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, त्यामुळं एक पाय दुसऱ्या पायाखाली दाबून मी तासभर बसायचो आणि पडद्यावर 'बॅड कमांड ऑर फाईल नेम' आलं की भोक सगळ्यांना दिसल्यासारखं वाटायचं.

"ॲपल बघा," पोरगा म्हणाला. बघितला. देखणा. पण बंद करायची फुली माझ्या हाताला उजव्या कोपऱ्यात लागते, इथं डाव्या कोपऱ्यात लाल टिकली. ती दाबली तर खिडकी गेली, पण खाली चिन्हाखाली बारीक ठिपका तसाच. म्हणजे पाहुणा उठून गेला, चपला दारातच. कॉपी करायला करंगळीनं कंट्रोल शोधायचा तर तिथं कामाचं बटण कमांड, तेही अंगठ्याजवळ. तीस वर्षं राबलेल्या करंगळीला आता कुठं पाठवू?

भाच्याला फोन लावला. "मामा, विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स घ्या. पेन ड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं." न टाकता! हे मला फार आवडलं. मराठी टायपिंगचं विचारलं तर म्हणाला, तिन्हींत इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी आहे, 'के'च्या बटणावरच क. इनस्क्रिप्ट सरकारी मानकात बसलं 1991 मध्ये, लिनक्सही त्याच वर्षीचं. दोघं एका वर्गातले म्हणायचे.

"आणि जुना एक्सचेंजला द्या," पोरगा म्हणाला. "नाहीतरी टाकूनच द्याल."

जुन्यात विंडोज 10 आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अकरा त्यावर चढत नाही, टीपीएम 2.0 नावाचं सुरक्षेचं काहीतरी लागतं म्हणे, ते त्यात नाही. पण त्यात आईच्या ओव्या आहेत. ती सांगत गेली, मी त्या काळच्या डीटीपी, म्हणजे छपाईच्या, फॉन्टमध्ये टाइप करत गेलो. बेचाळीस. मध्येच अडली की हात हवेत गोल फिरवायची, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, मग पुढची ओळ यायची. ती फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली तर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. भाच्यानं युनिकोडात, म्हणजे सगळ्या मशीनांना कळणाऱ्या अक्षरांत, बदलून पाहिली, तर 'किती'ची वेलांटी आधी आणि क मागं, रफार तिसऱ्याच अक्षरावर. कुठला शब्द तिचा आणि कुठला मशीननं केलेला, मलाच कळेना. विचारायला आता ती नाही.

"उद्या येतो," म्हटलं. पोरगा समजायचं ते समजला. येताना भडंगाचा पुडा घेतला.

रात्री जुना चालू केला. त्याचा पंखा जागा व्हायला पाच मिनिटं. भाचा म्हणतो, पीडीएफ करून ठेवा. करीन. पण तोवर दोनशे पानी वही काढली आणि पहिली ओवी पेनानं उतरवून घेतली. एका ठिकाणी अडलो. हात आपोआप गोल फिरला, पण पुढची ओळ पडद्यावर बघूनच लिहावी लागली.

एकेचाळीस राहिल्यात. लॅपटॉपचं बघू दिवाळीत.