ब्रेक ऑईल जातंय कुठे?

गाडी २२ वर्षांची आहे आणि तिचं बरंचसं काम मी घरीच करतो. त्यामुळे वळणावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला, तेव्हाच अंदाज आला होता की डबीतलं ब्रेक ऑईल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, खाली गेलाय. वळण घेताना ऑईल एका बाजूला जातं, आतला तरंगणारा स्विच खाली बसतो आणि दिवा लागतो. बॉनेट उघडून पाहिलं तर पातळी खालच्या खुणेला टेकली होती.

घाईत होतो, म्हणून गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी डबी काठोकाठ भरून दिली आणि सांगितलं, "जुनी गाडी आहे, थोडंफार ऑईल जायचंच." हे मला तेव्हाही पटलं नाही. जुनं इंजिन ऑईल जाळतं हे खरं, पण ब्रेकमध्ये ऑईल जळत नाही. ती बंद यंत्रणा आहे. चाकाला घासून गाडी थांबवणारे पॅड आणि लायनर झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात, म्हणून पातळी किंचित उतरते, पण त्याला कित्येक महिने लागतात. माझी डबी आठवड्यात बोटभर उतरत होती. म्हणजे ऑईल कुठून तरी बाहेर पडत होतं, आणि जिथून बाहेर पडतं तिथून एक दिवस सगळंच बाहेर पडू शकतं. त्या दिवसापासून गाडी जागेवर उभी केली.

गळती शोधण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. जमिनीवर एक थेंब नाही. पेडल दाबल्यावर ऑईलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या मागचं सील गेलं तर ऑईल पायाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरमध्ये उतरतं आणि बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून संशय आधी तिथे गेला. दोन नट सोडून सिलिंडर जरा पुढे ओढला. मागची बाजू कोरडी होती. मग चारही चाकं काढली. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला हाताच्या पंजाएवढा ओला पट्टा होता, त्यावर धूळ बसून काळी पडलेली. ब्रेक ऑईलच की अ‍ॅक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑईल? थोडं खरवडून वाटीभर पाण्यात टाकलं. ब्रेक ऑईल ग्लायकॉलचं असल्याने पाण्यात विरघळतं, गिअर ऑईल वर तवंग धरतं आणि उग्र वासही मारतं. हे विरघळलं. जमिनीवर थेंब का नव्हता तेही कळलं: सगळं ऑईल चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत साठत होतं आणि लायनर ते पीत होते.

काम सुरू करण्याआधीची एक गोष्ट कुणी विसरू नये. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मागे दोन लोखंडी स्टँड, आणि गाडी हाताने हलवून पाहिल्यावरच पुढचं काम. मागच्या ड्रमचं काम असेल तर हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून पुढचे ठोकळे इतके महत्त्वाचे.

ड्रम निघेना. इतक्या वर्षांत लायनरने ड्रमला आतून खाऊन कडेला एक ओठ तयार केला होता, आणि लायनर बसवलेले शू त्या ओठात अडकत होते. मागच्या प्लेटमधल्या भोकातून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून शू ड्रमपासून किती लांब राहतील ते ठरवणाऱ्या अ‍ॅडजस्टरची दात्यांची चकती एकेक दाता उलटी फिरवत गेलो. ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने आवळले, तेव्हा ड्रम फट्‌ आवाज करून सुटला. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मी ती ब्रेक क्लीनरने भिजवून कापडाने पुसून घेतली.

शू ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाला रबरी टोपी असते. तिची कड नखाने उचलली आणि आतून चहाच्या रंगाचं ऑईल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. चांगल्या सिलिंडरची ही टोपी आतून कोरडी असते, फार तर किंचित ओलसर. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ पर्यंत, असं त्याचं मानक आहे. उकळण्याचा धोका सगळे सांगतात, पण तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं, गंजाचे खड्डे पडतात आणि ऑईल अडवणारा पिस्टनवरचा रबरी कप त्या खड्ड्यांवर घासून फाटतो. माझ्या सिलिंडरमध्ये बोटाला खरखर लागत होती. ही गाडी माझ्याकडे आल्यापासून मी इंजिन ऑईल वेळच्या वेळी बदललं, ब्रेक ऑईल एकदाही नाही. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ही चूक माझी.

सिलिंडर बदलणं म्हणजे मागचे दोन बोल्ट आणि एक पाइपचा नट. अर्ध्या तासाचं काम. त्या एका नटाने माझे सहा दिवस खाल्ले.

तो नट १० मिलिमीटरचा, आणि मी त्याला साधा उघडा पाना लावला. साधा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. मऊ, गंजलेल्या नटाच्या कडा पहिल्याच जोरात गोल झाल्या. पाइपच्या नटासाठी वेगळा पाना मिळतो, रिंग पान्यासारखा पण पाइप आत जाण्यापुरती फट ठेवलेला. तो नटाला जवळपास सगळीकडून धरतो. तो आणेपर्यंत उशीर झाला होता, तरी प्रयत्न केला. गंज सोडवणारं तेल सकाळ-संध्याकाळ मारत दोन दिवस थांबलो. आगीने तापवण्याचा विचार मी मनात येऊ दिला नाही, कारण ब्रेक ऑईल पेट घेतं आणि शेजारी रबर असतं.

तिसऱ्या दिवशी कुलूप लागणाऱ्या पकडीने नट धरला, हळूहळू जोर दिला, आणि नट फिरला. मला इतका आनंद झाला की पाइपकडे पाहायचं राहून गेलं. पाव वळसा गेल्यावर दिसलं की पाइपही नटाबरोबर फिरतोय. पिळलेल्या फडक्यासारखे त्यावर पीळ पडले होते. नट पाइपला गंजाने चिकटला होता. तिथेच हात थांबले. पीळ पडलेला पाइप पुन्हा वापरायचा नाही, यात दुसरा विचार नाही. जोरात ब्रेक मारला की या पाइपात १०० बारच्या आसपास दाब जातो. टायरमध्ये साधारण २ बार असतो, त्यावरून कल्पना यावी. दोन तुकडे साध्या दाबजोडाने जोडून चालवणारे लोक आहेत, पण नळाला चालणारा जोड ब्रेकला चालत नाही.

पाइप कापला आणि ऑईल थेंब थेंब गळायला लागलं. इथे एक युक्ती उपयोगी पडली. ब्रेकचं पेडल काठीने इंचभर दाबून ठेवलं, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं डबीकडे जाणारं छिद्र बंद होतं आणि डबी रिकामी होत नाही. पेडल दाबलेलं म्हणजे मागचे ब्रेक लाइट चालू राहणार, म्हणून बॅटरीची एक तार काढून ठेवली.

नवा पाइप तांबे-निकेलचा घेतला. तो गंजत नाही आणि हातानेही वळतो. पाइपचं टोक मात्र नीट फुगवावं लागतं, आणि त्याचे दोन प्रकार आहेत: एक आतल्या बाजूला दुमडलेलं दुहेरी टोक, दुसरं बुडबुड्यासारखं गोल. सिलिंडरच्या आत जी बैठक असेल तेच टोक हवं, दुसरं कितीही आवळलं तरी गळणारच. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. फुगवण्याचं हत्यार एका मित्राकडून आणलं आणि उरलेल्या तुकड्यांवर सराव केला. पहिली पाच टोकं तिरकी आली, कारण पाइप कापल्यावर आतली बारीक कड मी घासून काढत नव्हतो. ती काढायला लागल्यावर सहावं टोक सरळ आलं. आणि नट पाइपवर आधी चढवायचा, टोक नंतर फुगवायचं. हा क्रम चुकला तर टोक कापून पुन्हा सुरुवात.

नव्या सिलिंडरचाही एक फटका बसला. जो आला तो बाहेरून हुबेहूब, बोल्ट जुळले, नट जुळला. बसवण्याआधी सहज मागे कोरलेला आकडा पाहिला: १९.०५. जुन्यावर १७.४६ होता. आतल्या व्यासाचा दीड मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण जोर क्षेत्रफळावर ठरतो. तेवढ्याच दाबावर त्या एका चाकाला सुमारे १९ टक्के जास्त जोर मिळाला असता, आणि ओल्या रस्त्यावर ते चाक आधी घसरलं असतं. परत पाठवला. पुन्हा चार दिवस. या वेळी दोन मागवले, कारण उजवा सिलिंडरही त्याच वयाचा होता.

लायनर दोन्ही बाजूंचे नवे टाकले. ऑईल प्यालेला लायनर धुऊन, भाजून परत लावू नका, तेल आतपर्यंत मुरलेलं असतं. स्प्रिंगांची अडचण आली नाही, कारण एका वेळी एकच बाजू उघडली आणि दुसरी समोर नमुना म्हणून ठेवली.

मग पाइप उघडल्यावर आत शिरलेली हवा काढायची. मुलगी पेडलवर बसली, मी चाकापाशी, सिलिंडरवरच्या हवा सोडायच्या निपलला नळी लावून, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये.

"दाब."

"दाबलं बाबा."

निपल पाव वळसा उघडायचा, बुडबुडे निघाले की बंद करायचा, आणि मगच "सोड" म्हणायचं. तिला पहिलीच गोष्ट शिकवली की मी "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर निपलमधून हवा परत आत ओढली जाते. तिने एकदाही चूक केली नाही. चूक माझ्याकडून झाली होती, आणि ती मला अजून माहीत नव्हती.

सगळे बुडबुडे थांबले. पेडल घट्ट लागलं. मग इंजिन बंद ठेवून पायाने एकसारखा जोर धरला, आणि पेडल अगदी सावकाश, लोण्यात सुरी उतरावी तसं, खाली उतरत जमिनीला टेकलं. सगळे जोड पाहिले. कुठेच ओल नाही. डबी भरलेली. मी तिथेच गाडीला टेकून बसलो. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा वाटलं की गाडी देऊन टाकावी.

ऑईल बाहेर जात नाही आणि पेडल उतरतंय, याचा अर्थ मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवरून ते मागे सरकतंय. आणि ते मीच केलं होतं. रोजच्या वापरात पेडल अर्ध्यापर्यंतच जातं, त्यामुळे सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला राहतो आणि तिथे गंज आणि गाळ बसतो. हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबलं की सील त्या खरखरीत भागावरून जातं आणि फाटतं. पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवला असता तर पेडल तिथवर गेलंच नसतं. जुन्या गाडीची हवा काढणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

मास्टर सिलिंडर नवा बसवला. बसवण्याआधी तो टेबलावर धरून, तोंडांना लावलेल्या छोट्या नळ्या डबीतच परत सोडून, पिस्टन हळूहळू दाबत आतली हवा काढून घेतली. ही पायरी गाळली तर नंतर पेडल स्पंजसारखं राहतं. बंपरवर सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुतले, कारण हे ऑईल रंग उचलून टाकतं. मग पुन्हा मागची दोन चाकं, पुढची दोन, सगळं जुनं ऑईल बाहेर. आधी काळपट, मग पिवळं, मग स्वच्छ.

"दाबलं बाबा. आता खाली जात नाहीये."

पहिली फेरी पायी चालण्याच्या वेगाने घेतली, एक हात हँडब्रेकवर ठेवून. गाडी सरळ थांबली, एका बाजूला ओढली नाही. डबीवर पातळीच्या रेषेशी चिकटपट्टी लावून ठेवली आणि रोज सकाळी पाहत राहिलो. तीन आठवड्यांनी मागचं डावं चाक पुन्हा काढलं, ड्रम उतरवला, रबरी टोपीची कड नखाने उचलली आणि आत बोट फिरवलं. बोट कोरडं आलं.