कंदिलाचा प्रवेश

सांगलीत हरभट रोडवरच्या माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात एक काका लॅपटॉप घेऊन आले. हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतात. दुसऱ्या एका दुकानाने "पॅनेल गेलंय", म्हणजे लॅपटॉपचा पडदाच बिघडलाय, म्हणून नवीन पॅनेलची ऑर्डरही घेतली होती. बसवण्याआधी मी एकदा बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांनी नाटकाचं रेकॉर्डिंग लावलं. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर एक कंदील आणि मागे जेमतेम निळा उजेड. त्या निळ्याचे ठोकळे झाले होते. नटाने मान वळवली की तेही सरकायचे. "हा अंधार मी डिमरवर बोटाबोटाने आणलाय. कुठं गेला सांग की." विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे नाटक उभं केलं, त्या सांगलीतला माणूस अंधाराचाही हिशेब मागणारच.

मी तो प्रवेश थांबवून स्क्रीनशॉट काढला आणि माझ्या मॉनिटरवर मोठा करून पाहिला. ठोकळे तिथेही होते. स्क्रीनशॉट पॅनेलच्या आधीच निघतो, म्हणजे दोष फाइलमध्येच होता. विचारल्यावर कळलं, फाइल मोबाइलवर मेसेजमधून आली होती. पाठवताना व्हिडिओ दाबून लहान होतो. व्हिडिओ दाबण्याच्या एच.२६४ पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतात. जागा कमी पडली की जवळजवळच्या छटांमधला फरक आधी टाकून दिला जातो, आणि अंधारात सगळा खेळ त्याच फरकाचा असतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे खपून जातं.

शूटिंग करणाऱ्या मुलाकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागवली. ठोकळे गेले, पण काळं अजून राखाडीच होतं. व्हिडिओत उजेडाच्या आकड्यांत काळा १६ पासून आणि पांढरा २३५ पर्यंत धरतात. प्लेअर ते आकडे ० ते २५५ समजून तसेच दाखवत होता. ते सेटिंग बदललं. ग्राफिक्समधली बॅटरी वाचवणारी सोय चित्र गडद झालं की बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, खाली-वर करत होती, ती बंद केली. मग झाकण थोडं मागे कलवलं. टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलवर नजरेचा कोन बदलला की काळ्याचा रंगच बदलतो. कंदिलामागे उभी असलेली बाई दिसली तेव्हा काका खुर्ची पुढे ओढून बसले.

निळ्या पडद्यावर पट्टे मात्र उरले. फाइल आठ बिटची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला मोजक्याच. पॅनेल सहा बिटचं असेल तर त्याच्या स्वतःच्या चौसष्टच, बाकीच्या छटा पॅनेल पिक्सेल भराभर बदलून भासवतं. मी मूळ फाइलवर अगदी बारीक दाणा, म्हणजे हलकी खरखर, चढवला आणि जास्त बिटरेटने, म्हणजे कमी दाबून, नवी प्रत काढली. पट्टे विरले. दहा बिटची प्रत आणखी चांगली झाली असती, पण काकांच्या नाटकमंडळातल्यांचे लॅपटॉप जुने, त्यांच्यावर ती अडखळली असती. म्हणून आठ बिटच ठेवली.

पॅनेल धडधाकट असताना माणसाला खर्चात घालणं मला सहन होत नाही. स्क्रीनशॉट काढायला मिनिटही लागत नाही, तेवढं तरी आधी करावं.

काकांनी पॅनेलची ऑर्डर रद्द करायला माझ्यासमोरच फोन लावला.