गिझरचा पॉइंट आणि १७ युनिटची गाडी

गाडी पाहिल्या पाहिल्या ताईने विचारलं, "उरलेली कुठंय?"

प्रश्न रास्त होता. दोन दारं, चार सीट, लांबी ३ मीटरला जेमतेम टेकणारी, चाकं १२ इंची. ही इलेक्ट्रिक गाडी दोन दिवस भाड्याने घेऊन मावशीकडे जायचं, हा बेत माझा. मावशी राहते डोंगरावर. आधी २४ किलोमीटर शहर ओलांडायचं, मग ३१ किलोमीटर हायवे, मग १४ किलोमीटर घाट. एकूण ६९. बॅटरी १७ युनिटची. कागदावर गाडी २०० च्या बरीच पुढे जाते. किल्ली हातात देताना भाड्याने देणारा मुलगा मात्र म्हणाला, "मॅडम, दीडशे धरून चाला." कागदापेक्षा मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सामानाचं मी आधी सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मागची सीट उभी असेल तर डिकीत एक दप्तर मावतं. सीट आडवी केली की दोघींच्या बॅगा, छत्री, मावशीसाठी घेतलेली शिवणयंत्राची पेटी, सगळं बसतं. म्हणजे चार माणसं नाहीतर सामान, दोन्ही एकदम नाही.

शहरात मात्र मजा आली. ताई गेली पंधरा वर्षं भलीमोठी डिझेल गाडी चालवते, त्यामुळे पहिल्या सिग्नलपर्यंत ती उजवीकडे-डावीकडे बघत माझी कीव करत होती. दुसऱ्या सिग्नलला वळण चुकलं. गाडी ४ मीटर आणि वर थोड्या त्रिज्येत वळते, त्यामुळे मागे-पुढे न करता एका दमात मी यू-टर्न घेतला. ताई काही बोलली नाही. पुढे औषधं घ्यायला थांबलो तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये जी फट होती, तिथे ताईची गाडी लावायची तर निम्मी रस्त्यावर राहिली असती. आमची बसली, वर दार उघडायलाही जागा उरली. तिथे ताई म्हणाली, "आता दे मला चालवायला."

सवय व्हायला तिला पाच मिनिटं लागली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनरेटरसारखं काम करते, गाडी आपोआप मंदावते आणि वाया जाणारी ऊर्जा थोडीफार बॅटरीत परत येते. तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये तिचा पाय ब्रेकवर क्वचितच गेला. पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज जिथे सर्वात वाईट पडतं, तिथेच ही गाडी सर्वात कमी खाते. एसी तेवढा खातो. तासभर अडकून पडलात तर एखादं युनिट, म्हणजे आमच्या मीटरवर साधारण ६ टक्के. शहर संपलं तेव्हा मीटरवर ८७ होते.

वाटेत ताईने विचारलं की असली खेळणी कोण विकत घेतं. मग माझं सुरू झालं. चीनमध्ये २०२० साली वूलिंगची होंगगुआंग मिनी आली, बॅटरी ९.३ किंवा १३.९ युनिटची, आणि बघता बघता ती तिथली सर्वाधिक खपाची इलेक्ट्रिक गाडी झाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सिट्रोएनची आमी आली. तिची बॅटरी ५.५ युनिटची, वेग ताशी ४५ पर्यंतच, आणि तिथली १४ वर्षांची मुलंसुद्धा ती चालवू शकतात. आमीची दोन्ही दारं हुबेहूब एकच. एकच साचा दोन्हीकडे वापरलाय, त्यामुळे एक दार नेहमीसारखं पुढे बिजागरी असलेलं, तर दुसरं उलटं उघडतं. खर्च कुठे वाचवायचा हे डोकं मला फार आवडलं. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, २००१ मध्ये, बंगळुरूची रेवा होतीच. शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या आणि ८० किलोमीटरची धाव एवढ्या भांडवलावर ती जी-विझ नावाने लंडनमध्ये फिरली.

"बरं, पण आपल्या गाडीत काय वाचवलंय?" ताईने विचारलं. मुख्य म्हणजे बॅटरी. गाडीतला सगळ्यात महागडा भाग तोच, म्हणून तो लहान ठेवायचा. शिवाय हिला फास्ट चार्जिंगचं भोकच नाही. हायवेवरच्या मोठ्या चार्जरशी हिचं काही नातं नाही, जे भरायचं ते १५ अँपिअरच्या प्लगवर, निवांत.

हायवेने आमचं तोंड बंद केलं. ८० च्या वेगाला चाकांचा आवाज एवढा की गप्पा ओरडून माराव्या लागल्या. गाडी उंच, अरुंद आणि हलकी. बाजूने ट्रक गेला की आधी हवेचा फटका बसून ती बाहेर ढकलली जायची, मग त्याच्याकडे ओढली जायची. ताईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० वरून ८० वर गेलात की तो अडीचपट होतो, आणि डब्याच्या आकाराच्या गाडीला ते लगेच जाणवतं. टक्के डोळ्यांदेखत पडत होते. ३१ किलोमीटरांत २४ गेले. टक्के जाऊ देत, मला ट्रकची भीती जास्त वाटली. २०१४ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेने क्वाड्रिसायकल म्हणतात तशा चार चिमुकल्या गाड्या ठोकून पाहिल्या होत्या, आणि निकाल चांगले नव्हते. आमची त्या वर्गातली नाही, पण त्या अर्ध्या तासात हा फरक मनाला पटवणं अवघड गेलं. या गाडीला हायवेवर नेऊ नये, एवढं माझं स्पष्ट मत झालं.

घाटात पुन्हा जीव आला. मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, गिअर टाकायची खटपट नाही, त्यामुळे वळणावरून गाडी न कुरकुरता वर चढते. चढ ६०० मीटरचा. एक टन वजन तेवढं उचलायला हिशेबाने दीडेक युनिट लागतं, वरची तूट धरून दोन. मावशीच्या दारात पोचलो तेव्हा मीटरवर ४४ होते आणि ताईचा चेहरा पडलेला. "उद्या परत जायचंय ना आपल्याला?"

मावशीच्या घरात १५ अँपिअरचा पॉइंट एकच, बाथरूममधला, गिझरचा. केबल तिथवर पोचेना म्हणून रात्री एक्स्टेंशन लावलं. अर्ध्या तासाने सहज हात लावला तर बोर्ड चांगलाच गरम. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी तासन् तास तेवढाच करंट ओढत राहते. तसल्या बारीक वायरचं हे काम नव्हे. लगेच काढलं. पहाटे पाचला आम्ही दोघींनी कुंड्या सरकवून गाडी बाथरूमच्या खिडकीला चिकटवली, गिझरची पिन उपसली आणि केबल खिडकीतून थेट आत घेतली. दहा वाजता १०० टक्के. मावशी शेजारणीला बोलावून गाडी दाखवत होती.

आणि इथेच चूक झाली. घाट उतरायला लागलो, ताईने पाय काढला, तर गाडी मंदावेचना! उलट वेग घ्यायला लागली. भरलेल्या बॅटरीत ऊर्जा घालायला जागाच नसते, त्यामुळे मोटरचा तो ब्रेक मिळत नाही. कालपासून ज्याची सवय लागली होती तेच नेमकं गायब. पहिली चार-पाच वळणं ताई ब्रेक दाबून उतरली, मग करपल्यासारखा वास आला तेव्हा कडेला थांबून दहा मिनिटं चाकं निवू दिली. डोंगरावरून निघताना ८५-९० टक्क्यांवरच प्लग काढायला हवा होता. कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला सुचलंही नव्हतं. खाली येईपर्यंत बॅटरीत थोडी जागा झाली, ब्रेक परत आला, पायथ्याला मीटरवर ९७ होते.

परतीला हायवे टाळून जुना रस्ता धरला. वेग चाळीस-पन्नासचा. झाडं, बैलगाडीएवढ्या रुंदीचे पूल, गतिरोधकांवर मात्र हाडं खिळखिळी, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतरच कमी. वीस मिनिटं जास्त लागली, पण हायवेला जिथे २४ टक्के गेले होते तिथे १६ च गेले. शहर ओलांडून गाडी परत दिली तेव्हा मीटरवर ६८.

रिक्षात बसल्यावर ताईने बोटांवर हिशेब केला. मावशीच्या घरापासून परत येईपर्यंत खर्च झाले ३२ टक्के. काल तिच्या दारात पोचलो तेव्हा आपल्याकडे होते ४४. म्हणजे प्लगला हातही न लावता निघालो असतो तरी पोचलो असतो, आणि बॅटरीत जागा असल्यामुळे घाटात ब्रेकही मिळाला असता.

तिने तिथूनच मावशीला फोन लावून हे सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"म्हणजे," मावशी म्हणाली, "मी सकाळी गार पाण्याने अंघोळ केली ती उगाच?"