आउटलेटच्या कॉलममधला फॉर्म्युला

काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी "जर्नलसाठी पेपरातले आकडे तपासते" एवढंच सांगते, कारण त्यापुढे गेलं की लोकांना वाटतं मी शास्त्रज्ञांच्या मागे लागलेली सीआयडी आहे. तसं काही नाहीये. विषय रिव्ह्यूअर बघतात, भाषा भाषेवाले बघतात, आणि टेबलात जे छापलंय ते मुळात होऊ शकतं का एवढंच मी बघते. ते खरं आहे का हे ठरवणारी मी कोण. पण हा फरक आमच्याच काही एडिटरांना अजून कळलेला नाही, त्यांच्या मते मी पेपर "क्लिअर" करते.

आमच्या रांगेत मेडिकल, इकॉनॉमिक्स, थर्मल इंजिनिअरिंग सगळं एकामागोमाग येतं. बाहेरच्यांना वाटतं बापरे, तिन्ही विषय येतात का हिला. तिन्हींतलं पीएचडीच्या लेव्हलचं मला काहीही येत नाही (थर्मलमधलं थोडं येतं, शिक्षण त्यातलं). पण आकडे कसे मोडतात ते सगळीकडे सारखंच असतं, म्हणून चालतं.

तर त्या दिवशी तिन्हींमधला एकेक पेपर होता. मेडिकलचा लवकर निपटला. दुखण्याचा स्कोअर शून्य ते दहा, पूर्ण आकड्यात, पेशंट २८, आणि सरासरी ५.१९. आता पूर्ण आकड्यांची बेरीज पूर्णच येणार ना, १४५ भागिले २८ केलं तर ५.१८ येतं, १४६ केलं तर ५.२१, मधलं ५.१९ येऊच शकत नाही. याला ग्रिम टेस्ट म्हणतात, निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ च्या सुमारास मांडलेली, साध्या कॅल्क्युलेटरवर होते आणि तरीही रिव्ह्यूअर करत नाहीत. ऑथरला विचारलं, दुपारपर्यंत उत्तर: एक पेशंट मध्येच सोडून गेला, त्या टेबलात २७ जण आहेत. १४० भागिले २७, ५.१९, बरोबर. मग तो पेशंट कुठल्या ग्रुपमधला, का गेला, किती पेशंट आले-गेले त्या फ्लो डायग्राममध्ये का नाही, असे पुढचे प्रश्न पाठवले. मेडिकलवाल्यांना असे प्रश्न विचारलेले चालतात, ट्रायलच्या पेपरात काय काय लिहायचं याची कॉन्सॉर्ट नावाची चेकलिस्ट आहे, ट्रायल आधी रजिस्टर करावी लागते, सवय झालीय त्यांना. सुखासुखी नाही झाली म्हणा, बरेच फटके खाऊन झाली.

इकॉनॉमिक्सचा पेपर म्हणजे डेटा आणि स्टाटा या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरच्या फायली, आपल्या मशीनवर चालवायच्या आणि टेबल जुळतं का बघायचं. पहिल्या फटक्यात कधीच चालत नाही, कारण लेखकाच्या स्वतःच्या सी ड्राइव्हचा पत्ता कोडमध्ये तसाच असतो. तो बदलला, चाललं, एका टेबलात स्टँडर्ड एरर (आकड्यातली अनिश्चितता) जुळेना कारण क्लस्टरिंग (कोणत्या नोंदी एका गटात धरायच्या ते) पेपरात एका पातळीवर लिहिलेलं आणि कोडमध्ये दुसऱ्याच. लिहून पाठवलं. या लोकांनाही धडा मिळालेलाच आहे, राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा कर्जावरचा पेपर आठवत असेल, जीडीपीच्या ९० टक्क्यांवर कर्ज गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्के. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल मागितलं, त्यांनी दिलं, आणि त्यात सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश सुटलेले निघाले. काही वर्षं वगळलेली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही विचित्र होती, ते सगळं धरून आकडा २.२ टक्के झाला. एक्सेलबद्दल सगळे हसले. त्यांनी फाइल दिली म्हणून कळलं, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. तेव्हा मीही नाही.

आता तिसरा पेपर, ज्यासाठी हे लिहायला बसलेय.

डबल पाइप हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाइपात पाइप. बाहेरच्या पाइपात ६० डिग्रीचं गरम पाणी, आतल्यात नॅनोफ्लुइड, म्हणजे पाण्यात ॲल्युमिनाचे बारीक कण, आकारमानाने ०.१ टक्का. दावा असा की साध्या पाण्यापेक्षा हीट ट्रान्सफर कोइफिशंट, म्हणजे उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा, २८ टक्क्यांनी वाढला. नॅनोफ्लुइडच्या पेपरांचा पूर कसा आहे ते या क्षेत्रातल्यांना वेगळं सांगायला नको. १९९५ मध्ये अर्गॉन लॅबच्या चोई यांनी कल्पना मांडली आणि तेव्हापासून जो तो काहीतरी पाण्यात ढवळतोय. २००९ मध्ये तीसहून जास्त लॅबना तेच नमुने वाटून कंडक्टिव्हिटी (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) मोजून घेतली, तर आकडे मॅक्सवेलच्या एकोणिसाव्या शतकातल्या सूत्राच्या आसपासच आले, चमत्कार काही निघाला नाही. त्या सूत्राने ०.१ टक्का कणांना कंडक्टिव्हिटीत साधारण ०.३ टक्के वाढ मिळते. मग २८ कुठून आले? बऱ्याचदा असं असतं की तुलना सारख्या रेनॉल्ड्स नंबरवर (वेग, पाइपाचा आकार आणि चिकटपणा यांवरून काढतात तो आकडा) केलेली असते, नॅनोफ्लुइड जास्त चिकट, म्हणून तोच रेनॉल्ड्स गाठायला पंप जोरात चालवावा लागतो, आणि वेग वाढल्यावर हीट ट्रान्सफर वाढणारच की, त्यात कणांचं काय कर्तृत्व. पण हे बघणं रिव्ह्यूअरचं काम. दोघे होते. एकाने तीन ओळी लिहून स्वतःचे चार पेपर साइट करायला सांगितले (नावं काढून टाकलेली असली तरी ओळखू येतं हो), दुसऱ्याने लिहिलं की एनर्जी बॅलन्स उत्कृष्ट आहे आणि त्यावरून सेटअप विश्वासार्ह ठरतो.

तो बॅलन्सच मला खटकला. गरम पाण्याने दिलेली उष्णता आणि थंड बाजूने घेतलेली उष्णता यांत सगळ्या रन्समध्ये फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. ज्याने कधी असला रिग चालवलाय त्याला विचारा. आउटलेटला पाणी नीट मिसळलेलं नसतं, फ्लो दाखवणाऱ्या रोटामीटरमधला फ्लोट नाचत असतो, स्टेडी स्टेट आली म्हणून रीडिंग घ्यावं तर परत सरकते. पाच टक्क्यांत जुळलं तर आम्ही खूश व्हायचो. शिवाय गरम पाणी बाहेरच्या पाइपात आहे, इन्सुलेशन कितीही गुंडाळा, थोडी उष्णता खोलीत जाणारच, म्हणजे गरम बाजूचा आकडा कायम जरा जास्त यायला हवा, आणि तोही कमीजास्त.

पेपरातच हिशोब दिलेला होता. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, के टाइप, कॅलिब्रेट करून ०.१ डिग्रीपर्यंत आणल्याचा दावा. (न करता वापरला तर नेहमीच्या ग्रेडच्या के टाइपची सूट २.२ डिग्री असते. एकाच रोलच्या तारा असल्या तर दोन्हींची चूक थोडी एकमेकींत मिटते हे मान्य, पण ते नशिबावर.) थंड बाजूचं तापमान इनलेटपासून आउटलेटपर्यंत वाढतं फक्त ३.३ डिग्री. दोन थर्मोकपलमधला फरक घेतला की अनिश्चितता ०.१४ डिग्री, म्हणजे ३.३ वर चार टक्क्यांच्या वर. हे त्यांनी स्वतः क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांची १९५३ ची पद्धत वापरून लिहिलंय, चार पूर्णांक काहीतरी टक्के, आणि पुढच्याच पानावर अर्ध्या टक्क्यात जुळलेला बॅलन्स. दोन्ही पानं एकाच माणसाने सलग वाचली असती तर थांबला असता. सलग वाचली नाहीत, दुसरं काय.

पण नुसतं जास्त छान आहे म्हणून कोणाला पकडता येत नाही. मी टेबलातले फ्लो आणि तापमान घेऊन स्वतः बॅलन्स काढत बसले, आणि मग जे दिसलं त्याने अक्षरशः खुर्ची पुढे ओढली. साध्या पाण्याच्या रन्समध्ये फरक जवळजवळ शून्य. नॅनोफ्लुइडच्या रन्समध्ये ०.३ टक्के. फ्लो कमी असो, जास्त असो, ०.३. मोजमापाची चूक कधी इकडे कधी तिकडे पडते, एका जागी ठाण मांडून बसत नाही.

मेल टाकला, रॉ डेटा पाठवा. मला वाटलं आता पंधरा दिवस शांतता, मग "हार्ड डिस्क करप्ट झाली". हे उत्तर इतक्यांदा येतं की जगातल्या सगळ्या खराब हार्ड डिस्क संशोधकांनाच विकतात की काय. पण संध्याकाळच्या आत एक्सेल आलं, विद्यार्थ्याने पाठवलेलं, सगळ्या शीट्स, वरती तारखा, कडेला त्याच्या नोट्सही. थंड आउटलेटच्या कॉलमवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत आकडा नव्हता, फॉर्म्युला होता. गरम बाजूची उष्णता भागिले (थंड फ्लो गुणिले ४१८०), अधिक इनलेटचं तापमान.

म्हणजे ते तापमान कोणी मोजलेलंच नव्हतं. गरम बाजूवरून काढलेलं, आणि त्यावरून परत थंड बाजूची उष्णता काढून ती गरम बाजूशी जुळते म्हणून सेटअप बरोबर. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा. आणि ते ०.३ कुठून आलं तेही तिथेच दिसलं, फॉर्म्युल्यात ४१८० हा पाण्याचा सीपी (एक किलो एक डिग्रीने तापवायला लागणारी उष्णता), शेवटच्या हिशोबात मात्र नॅनोफ्लुइडचा सीपी घातलेला, जो त्या कणांमुळे तेवढाच कमी येतो. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा. बाकीचं सगळं नंतर डोक्यात आलं.

विद्यार्थ्याला विचारलं की हा कॉलम मोजलेला आहे का काढलेला. त्याने सरळ लिहिलं: तो थर्मोकपल सुरुवातीलाच गेला, नवा मागवायचा अर्ज ऑफिसात अडकला, गाइड म्हणाले ऊर्जा कुठे जात नाही, आउटलेट काढून घे. आता ऊर्जा अक्षय्य असते हे काही खोटं नाही. पण ती खोलीतही जाते. आणि आउटलेट चुकलं की एलएमटीडी (दोन्ही बाजूंमधला सरासरी तापमान-फरक) चुकतो, त्यावरचा ओव्हरऑल कोइफिशंट चुकतो, त्यातून बाहेरच्या बाजूचा रेझिस्टन्स वजा करून आतला कोइफिशंट काढतात तिथे ती चूक आणखी फुगते. आणि पेपरात त्या कॉलमच्या डोक्यावर "मोजलेलं तापमान" असं छापलंय. थर्मोकपल म्हणजे टोकाला जोडलेल्या दोन तारा, ही काही स्पेस टेलिस्कोपची आरसेबंदी नव्हे. दोन तारांसाठी अर्ज अडकतो आणि त्या लॅबमध्ये पेपर मात्र वेळेत हवा असतो.

गाइडचा वेगळा मेल आला. आमच्या ग्रुपमध्ये ही नेहमीची पद्धत आहे, आणि तुमच्या रिव्ह्यूअरना यात काही गैर वाटलेलं नाही. दुसरा मुद्दा बरोबर होता हो, तेच तर दुखलं.

आमच्या मॅनेजिंग एडिटर सरांनी पाच मिनिटांत निकाल लावला, रिजेक्ट. शेजारची कलीग म्हणाली हा फ्रॉड आहे, संस्थेला कळवा. फॉर्मवर माझ्यासमोर ड्रॉपडाउन, दोनच पर्याय, "अनवधानाने झालेली चूक" आणि "डेटात फेरफार". मी सरांना प्रेडिमेडचं उदाहरण दिलं. भूलतज्ज्ञ कार्लाइल यांनी २०१७ मध्ये पाच हजारांवर ट्रायल्सचे सुरुवातीचे आकडे तपासले, त्यांत आहारावरची ती मोठी ट्रायलही संशयात आली, आणि शोध घेतल्यावर कळलं की एका केंद्रावर माणसं एकेक करून न वाटता अख्खी क्लिनिक्स एकाच आहारात टाकली होती, शिवाय एका घरातली माणसं एकाच ग्रुपमध्ये. २०१८ मध्ये पेपर मागे घेऊन, काय झालं ते लिहून, सुधारलेलं विश्लेषण परत छापलं. म्हणजे असा तिसरा कप्पा कुठेतरी आहे. सर म्हणाले तिथे सात हजारांवर माणसं होती, इथे एक पाइप आहे.

हे खरंच आहे. पण माझं डोकं दुसरीकडेच अडकलंय. त्या मुलाने तो कॉलम कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज केलं असतं, म्हणजे फॉर्म्युला जाऊन नुसते आकडे उरले असते, तर माझ्याकडे नुसता संशय राहिला असता. आणि वरून थोडा रँडम नॉइज मिसळला असता, दोन चार टक्क्यांचा, गरम बाजू जरा जास्त ठेवून, तर माझ्या सगळ्या तपासण्यांतून तो पेपर पास झाला असता आणि बॅलन्स "वास्तववादी" आहे असं मीच लिहिलं असतं. मला लपवाछपवी पकडायला ठेवलंय, आणि हाती लागला तो ज्याने काहीच लपवलं नव्हतं. कलीगला हे सांगितलं तर ती म्हणाली त्याला लपवायचं असतं हे माहीतच नव्हतं, तो निरागसपणा नाही, अडाणीपणा आहे. असेल. पण मग तो अडाणीपणा शिकवणाऱ्याचं नाव पेपरात शेवटी, करस्पाँडिंग ऑथर म्हणून, आणि फॉर्मवर शेरा दोघांच्या नावावर सारखाच.

नंतर त्या मुलाचा अजून एक मेल आला. थर्मोकपल मिळालाय, सगळी रीडिंग्ज परत घेतो, चालेल का, आणि बॅलन्स किती टक्क्यांत यायला हवा? हा शेवटचा प्रश्न वाचून मी कपाळाला हात लावला. जो येईल तो लिहा, असं उत्तर मी टाइप करून ठेवलं होतं, पण तपासणीचे प्रश्न विचारण्यापलीकडे ऑथरशी थेट बोलायची मला परवानगी नाही, सरांकडून साचेबद्ध उत्तर गेलं की नवीन सबमिशन करावं, जुन्याशी त्याचा संबंध राहणार नाही.

ड्रॉपडाउन मी रिकामा सोडला, सिस्टिम घेत नाही म्हणून सरांनी कुठलातरी एक निवडला, कुठला ते मी विचारलेलं नाही. सबमिशन फॉर्ममध्ये प्रत्येक राशीपुढे मोजलेली का काढलेली अशी खूण असावी, असं मी लिहून दिलंय. मेडिकलच्या डेस्कला पटलं, इकॉनॉमिक्सवाले म्हणाले आमच्याकडे कोडमध्येच कळतं. इंजिनिअरिंगच्या डेस्कचं म्हणणं, फॉर्म आधीच लांब आहे, ऑथर दुसऱ्या जर्नलकडे जातील.