मावशीचं कोठीचं कॉलेज

आज भाचीसाठी घोडबंदर रोडला लेडीज हॉस्टेल बघायला गेलो, सोबत हैदराबादची मावशी, खोलीत शिरल्या शिरल्या म्हणते अगं इथे तर छतालाच हात लागेल! तिचं कॉलेज म्हणजे कोठीचं विमेन्स कॉलेज ना, जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीत, १९४९ पासून तिथे पोरी शिकतायत. समोर उंचच उंच खांब, पायऱ्यांशी दगडी सिंह, दरबार हॉल. ही रेसिडेन्सी कर्कपॅट्रिक नावाच्या रेसिडेंटने, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीने, १८०३ च्या सुमारास बांधायला घेतलेली, बायको खैरुन्निसा पडद्यात राहायची म्हणून तिला बघता यावं यासाठी म्हणे अख्ख्या बिल्डिंगचं छोटं मॉडेल बागेत करून घेतलं. मावशीला हे लय रोमँटिक वाटतं, मला नाही, बिचारीने खरी बिल्डिंग कधी बघायची? यावरून माजिवड्यापर्यंत रिक्षात वाद. हॉस्टेल ठीक आहे, डिपॉझिट जास्त सांगतायत, बघू.